अनुभव धागा: पिकल्या केसांची मंडळीसेवा (मंडळी म्हणजे चर्च), सोमवार ते रविवार

सलाम मंडळी. निवृत्त सुवार्तिक (येशूचा संदेश सांगणारे), पाळकांच्या म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या हाताखाली काम करणारी ज्येष्ठ जोडपी, बायबलबाया (घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या), वसईकडचे कम्युनियन मिनिस्टर (प्रभुभोजन वाटायला मदत करणारे), सगळ्यांनी लिहा. साक्षी (‘देवानं मला असं तारलं’ अशा गोष्टी) आणि आठवणी इथं नकोत. आठवड्यात काय करावं लागतं, किती लागतं आणि कुठं अडतं, एवढंच. नव्यानं सेवेत येणाऱ्याला लगेच वापरता आलं पाहिजे.

नगरी सुवार्तिक
घरभेटींची यादी सोमवारीच करावी. रविवारी कोण दिसलं नाही हे तेव्हा डोक्यात ताजं असतं. प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस) घेणाऱ्यांची नोंदवही समोर ठेवून तीन रकाने पाडा: आजारी, गैरहजर, नुकतंच दुःख झालेली घरं. ऊसतोडीला गेलेल्यांचं पान वेगळं. दिवाळीनंतर पाथर्डी-शेवगावकडची कितीतरी घरं कुलूपबंद असतात, त्यांना गैरहजर धरलं तर यादीच खोटी पडते.

दिवसाला चार घरं पुष्कळ झाली. गावात सकाळी आठच्या आत जा, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळात माणसं रानात असतात. एका घरी वीस-पंचवीस मिनिटं. आधी ऐकायचं, मग आठ-दहा वचनांचा शास्त्रपाठ. स्तोत्र २३ किंवा १२१ घेतलं तर म्हातारी माणसंही सोबत म्हणतात. दोन मिनिटं प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. संदेश द्यायचा नाही. निवृत्त माणसाला हा मोह फार.

चुका ठरलेल्या आहेत. शेजारीपाजारी बसलेले असताना आजाराचं नाव घेऊन प्रार्थना करणं, ‘मंडळी मदत करील’ असं कमिटीला न विचारता सांगून टाकणं, अर्पण घेऊन पावती न देणं. पावतीपुस्तक पिशवीत नसेल तर ‘रविवारी द्या’ म्हणा. आणि चहाचं पहिल्याच घरी ठरवा: अर्धा कप, बिनसाखरेचा.

मिरजेची ताई
दवाखान्यातल्या भेटीला वीस मिनिटं फार होतात. पाच-सात पुरे. आधी वॉर्डच्या सिस्टरला विचारायचं, हात धुवायचे, पलंगावर बसायचं नाही, पेशंटला मान वळवावी लागणार नाही अशा बाजूला उभं राहायचं. ऑपरेशन असेल तर आदल्या संध्याकाळी जा. सकाळी गडबड असते आणि पेशंट उपाशी असतो, त्यानं मागितलं तरी पाण्याचा घोटसुद्धा देऊ नका. शेजारच्या पलंगाकडे न बोलावता जायचं नाही, पत्रकं तर पिशवीतून काढायचीच नाहीत. एका माणसाच्या अतिउत्साहानं सगळ्यांनाच वॉर्डात मज्जाव होतो.

मनुकेवाली मावशी
द्राक्षरसाबद्दल कुणीच लिहिलं नाही. बाजारातलं सरबत म्हणजे रंग आणि साखर, ते प्रभुभोजनाला वापरू नये असं माझं स्पष्ट मत.

पाव किलो काळ्या मनुकांना एक लिटर पाणी, त्यात साधारण पाऊण लिटर रस निघतो. एका पेल्यात दहा मिली धरले तर दोनशे माणसांना दोन लिटर लागतो, म्हणजे पाऊण किलो मनुका आणि तीन लिटर पाणी घ्या. थोडा उरतो, तो हवाच.

मनुका कोमट पाण्यात दोनदा धुवा. वाळवताना आणि साठवताना त्यांना तेलाचा हात लावलेला असतो. नीट धुतल्या नाहीत तर रसावर तवंग येतो आणि पेल्याच्या कडेला चिकटतो. शुक्रवारी रात्री भिजत घाला. शनिवारी त्याच पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, गार झाल्यावर हातानं कुस्करा, मलमलीतून दोनदा गाळा. फडकं पिळू नका, पिळलं की गाळ खाली उतरतो आणि रस गढूळ होतो. भांडं स्टीलचंच. ॲल्युमिनियमला आंबट रस लागला की चव बिघडते.

उकळलेल्या बाटलीत भरून लगेच फ्रीजमध्ये ठेवा. एप्रिल-मेमध्ये बाहेर राहिला तर रविवारी सकाळी वर फेस दिसेल आणि वास येईल. तो आंबायला लागलेला असतो, साखर घालून वाचत नाही. पेले चोचीच्या किटलीनं दोन-तृतीयांशच भरा, म्हाताऱ्या हातात हिंदकळतात. उपासना संपल्याबरोबर गरम पाण्यात टाका, नाहीतर संध्याकाळी मुंग्या.

वसईकर
आमच्या कॅथलिकांकडे पद्धत वेगळी. पुष्कळ धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या हद्दीत) महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रभुभोजनाची पवित्र भाकर, नेतात. घरच्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगायचं: टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पेल्यात पाणी आणि चमचा. पिक्स, म्हणजे ती छोटी गोल डबी, गळ्यातल्या पिशवीत छातीशी ठेवायची. चर्चमधून निघालं की सरळ घर गाठायचं. वाटेत बाजार नाही, गप्पा नाहीत.

ख्रिस्तशरीर घेण्याआधीच्या तासभराच्या उपवासाचा नियम आजारी, वृद्ध आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना लागू नाही. हे घरोघरी सांगावं लागतं, कारण मधुमेही आजीबाई हट्टानं उपाशी बसतात. गिळायला त्रास असेल तर अगदी लहान तुकडा आणि चमचाभर पाणी. तेही जमत नसेल तर जबरदस्ती न करता फादरना कळवा. रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी) फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. लोक शेवटच्या घटकेपर्यंत थांबतात, मग मध्यरात्री धावाधाव. आजार बळावला की लगेच बोलवा म्हणावं.

पेटीवाला
गाण्यांचा सराव बुधवारी. पाच गीतं निवडा, त्यातली निदान तीन सगळ्यांना येणारी. वयस्कर मंडळी जास्त असेल तर पट्टी पांढरी दोनवरून काळी एकवर उतरवा, अर्ध्या स्वरानंसुद्धा वरच्या ओळी सुटत नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर उभी राहतात, तिथं पेटीनं मागं राहावं. पावसाळ्यात सूर चिकटतात, पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका.

वहीवाला
गुरुवार नोंदींचा. ख्रिस्ती विवाहाचा कायदा १८७२ चा. एरवी विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या दरम्यानच लावायचा, खास परवाने सोडून. वरात पावणेसातला आली की पाळकांची पंचाईत होते, म्हणून पत्रिकेवर चारची वेळ घाला. पाळकांशिवाय निदान दोन साक्षीदार लागतात, त्यांची नावं आदल्या दिवशीच वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवा.

विवाहाच्या नोंदीत चूक सापडली तर खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच. मूळ नोंद तशीच ठेवून नवरा-बायकोच्या समक्ष समासात दुरुस्ती लिहायची, सही आणि तारीख घालायची, तीही चूक लक्षात आल्यापासून महिन्याच्या आत. दोघं हजर नसतील तर दोन विश्वासू साक्षीदार बोलवा. सगळ्यात जास्त चुका नावात होतात: बाप्तिस्म्याचं एक, आधारवरचं दुसरं. पासपोर्टच्या वेळी सगळे धावत येतात.

आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला मागायला कुणी आलं तर आधी साल विचारा. उत्तर भारतीय मंडळी (सीएनआय, अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन झालेली) २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झाली. त्याआधीच्या वह्या जुन्या मिशनच्या किंवा तेव्हाच्या मंडळीच्या नावानं असतात, कपाटातही वेगळ्या ठेवलेल्या.

बेंगळुरूहून
लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) मंडळीत ज्येष्ठ जोडप्यांची सेवा मुदतीची असते, सहा ते तेवीस महिने, बहुतेक स्वखर्चानं. तरुण मिशनरींसारखं घट्ट वेळापत्रक त्यांना नसतं, दारोदार जाण्याची सक्तीही नाही. मिशनच्या कचेरीतले हिशेब, तरुणांच्या भाड्याच्या खोल्या तपासणं, गॅस-पाण्याची सोय बघणं, दर सहा आठवड्यांच्या बदल्यांच्या वेळी सामान हलवणं, यातच दिवस जातो. घरमालकाचा करार आणि अनामतीची पावती पहिल्या दिवशीच फाइलला लावा. खोली सोडताना वाद त्यावरूनच होतो.

नगरी सुवार्तिक
रविवारचं राहिलं. अर्पण मोजायला दोघं, आणि ते नवरा-बायको नकोत. नोटा, नाणी, पाकिटं वेगळी, आकडा अक्षरी, दोघांच्या सह्या, सोमवारी बँक.

हंगामाच्या सणाचा (चर्चमध्ये पिकाचं अर्पण आणतात तो) लिलाव असेल तर बोली सुटताक्षणी नाव आणि रक्कम लिहा. एकच नारळ चार-चार वेळा विकला जातो, घेणारा परत वेदीवर ठेवतो आणि पुन्हा बोली लागते. प्रत्येक बोलीची वेगळी ओळ हवी. उधारीला पुढच्या रविवारपर्यंतच मुदत. कोथिंबीर, मेथी आधी काढा, भोपळे शेवटी, कारण बारा वाजेपर्यंत पाला सुकतो आणि मग बोली लागत नाही.