लाल दोरा बांधलेलं वांगं कुणी काढलं?

ए-४०२ (काकू): गच्चीवर टाकीशेजारच्या कुंडीतलं लाल दोरा बांधलेलं वांगं कुणी काढलं? मोठं, पिवळं पडलेलं. काल सकाळपर्यंत होतं. आता नुसता दोरा पडलाय मातीत.

सी-१०३: माळीदादांनी काढलं असेल. सडकं वगैरे ते काढून टाकतात.

ए-४०२ (काकू): सडकं नव्हतं हो. बियाला ठेवलं होतं. दोरा माळीदादांनीच आणून दिला होता.

बी-२०१: काकू, मी काढलं. सॉरी. काल पाणी घालायची पाळी माझी होती. वाटलं कुणीतरी काढायचं विसरलंय, वाया जायला नको.

ए-५०४ (ताई): मग केलंत काय त्याचं?

बी-२०१: भरीत.

ए-५०४ (ताई): 😂😂

बी-२०१: कडू झालं. बिया दाताखाली करकरत होत्या. बायकोने एक घास खाऊन ताट सरकवलं.

ए-४०२ (काकू): होणारच. आपण खातो ते वांगं कोवळं असतं, त्यातलं बी कच्चं. ते पेरून काही उगवत नाही. बी पक्कं व्हायचं तर वांगं झाडावरच पिवळं पडून मऊ व्हावं लागतं, आणि तोवर ते खायच्या कामाचं राहत नाही.
हे बी माझ्या माहेरचं, जळगावकडचं भरिताचं वांगं. २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ना, तेच. त्यात मुळात बी कमी, म्हणून सगळ्यात चांगल्या झाडावरचं एक निवडून ठेवलं होतं. शेजारच्या कुंडीत काळी वांगी आहेत, म्हणून फूल उमलायच्या आधीच हळदीकुंकवाला मिळालेली जाळीची पोटली चढवली. वांग्याचं परागीकरण बहुतेक त्याच फुलात होतं, पण भुंगे इकडचं तिकडे करतातच. पोटलीत भुंगा येणार नाही, म्हणून पराग झडावेत यासाठी रोज सकाळी फांदीला टिचकी मारत होते. फळ धरल्यावर पोटली काढून दोरा बांधला. मृगाला पेरणार होते.

बी-२०१: आता फारच वाईट वाटतंय.

डी-३०२ (ताई): काकू, तुम्ही तर आमच्या राहीबाई! 🙏 अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, मातीच्या घरात गावरान बियाण्यांची बँक सुरू केली त्यांनी. २०२० ची पद्मश्री.

ए-४०२ (काकू): कुठे त्या, कुठे माझ्या चार कुंड्या. एक वांगं सांभाळता आलं नाही मला.

सी-१०३: विषय निघालाच आहे तर विचारतो. मी गेल्या वर्षी माझ्या टोमॅटोचं बी धरलं होतं. यंदा तीन झाडं आली, तिन्हींची तऱ्हा वेगळी. एकाला बोराएवढे, एकाला लिंबाएवढे. काय चुकलं?

ए-४०२ (काकू): मूळ बियाणं पाकिटातलं का? त्यावर एफ-१ लिहिलंय का बघा.

सी-१०३: हो, कोपऱ्यात बारीक लिहिलंय.

ए-४०२ (काकू): मग तुमचं काही चुकलं नाही. ते संकरित. पुढच्या पिढीत गुण फुटतात, काही झाडं आईवर जातात, काही बापावर, काही दोघांवरही नाही. बी धरायचं असेल तर गावरान किंवा सरळ वाण घ्या.

ए-५०४ (ताई): आमच्या सिमला मिरचीशेजारी ज्वाला आहे. म्हणजे यंदाची सिमला तिखट होणार?

ए-४०२ (काकू): यंदाची नाही. फळ त्या झाडाचंच असतं. त्यातलं बी पेराल तेव्हा पुढच्या वर्षी जिभेला कळेल.

सेक्रेटरी: माझ्या वेलाचा पहिला दुधी कडू निघाला. बाकीचे बियाला ठेवू का?

ए-४०२ (काकू): अजिबात नको. आणि तो खाऊही नका, रस तर मुळीच नको. कडू दुधीचा रस पिऊन माणसं आयसीयूत गेली आहेत. वेलच काढून टाका.

बी-१०१: सासूबाई सांगताहेत, मी टाइप करतेय. "उरलंसुरलं बियाला ठेवायचं नसतं. चांगल्यातलं चांगलं ठेवायचं, जीभ आवरायची. वालाच्या शेंगा वेलावरच खुळखुळ वाजू द्यायच्या. दोडका वाळला की टोकाची टोपी गळते, उलटा धरला की बी आपसूक खाली. सगळं राखेत घालून मडक्यात. भुंगा लागत नाही."

ए-५०४ (ताई): आजी, राख कुठून आणू? अगरबत्तीची चालेल का? 😄

ए-४०२ (काकू): काचेची बाटली घे गं. चपलांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी टाक आणि फ्रिजमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर मात्र लगेच उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं.

बी-२०१: काकू!! वांगं मोठं होतं म्हणून मी अर्धंच भाजलं होतं. उरलेलं अर्धं बायकोने फ्रिजमध्ये ठेवलंय. मला वाटलं टाकलं असेल.

ए-४०२ (काकू): कच्चं आहे ना? मीठबीठ नाही लावलं?

बी-२०१: नाही. नुसतं कापलेलं. बिया पिवळसर तपकिरी दिसताहेत, कडक आहेत.

ए-४०२ (काकू): मग पक्क्या आहेत. गर पाण्यात कुस्करायचा. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं, ते ओतून द्यायचं. दोन-तीनदा धुवून स्टीलच्या ताटात पसरायचं, पंख्याखाली, सावलीत. वर्तमानपत्रावर नको, चिकटून बसतं. मिक्सरच्या वाटेला जाऊ नका, कृपा करा.

बी-२०१: मी नाहीच करत. घेऊन वर येतो.

ए-४०२ (काकू): या. दार उघडंच आहे. आणि वहिनींना सांगा, परवा बाजारातून चांगली वांगी आणून भरीत पाठवते. हिरवी मिरची घालून.

बी-१०१: सासूबाई म्हणताहेत, आम्हालाही.