ऑब्जडंपमध्ये कॉल पुढच्याच ओळीवर का जातोय?

प्रश्न: उबुंटूवर जीसीसी या कंपायलरला -सी देऊन छोट्या प्रोग्रॅमची फक्त ऑब्जेक्ट फाइल (अजून न जोडलेला मशीन कोड) बनवली आणि ऑब्जडंप -डी ने, म्हणजे मशीन कोड सूचनांच्या रूपात उलगडून दाखवणाऱ्या साधनाने, पाहिली. प्रिंटएफ या मजकूर छापणाऱ्या फंक्शनच्या जागी कॉल (फंक्शनकडे जाण्याची सूचना) आहे, पण त्याचा पत्ता लगेच पुढच्या सूचनेचा! बाइट्स: ई८ ०० ०० ०० ००. फाइल बिघडली आहे का?

उत्तर: फाइल ठणठणीत आहे. ई८ म्हणजे कॉल, पुढचे ४ बाइट म्हणजे पुढच्या सूचनेपासूनचं अंतर. प्रिंटएफ शेवटी कुठे बसणार हे कंपायलरला ठाऊकच नसतं. म्हणून तो शून्यं भरून जागा राखतो, शेजारी रिलोकेशनची (इथे पत्ता नंतर भरायचा, अशी) नोंद करतो आणि अंतर नंतर लिंकर, म्हणजे सगळे तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणारा, भरतो. अंतर शून्य, म्हणजे पुढचीच ओळ. ऑब्जडंप आहे तेच दाखवतोय. -डी सोबत -आर द्या, कॉलखालीच फंक्शनचं नाव येईल. नावापुढचा वजा ४ बघून गोंधळू नका: नोंद त्या ४ बाइटांच्या सुरुवातीची असते, अंतर मात्र शेवटापासून मोजतात. मला तर हीच जागा सगळ्यात आवडते, लिंकरचं काम इथे डोळ्यांना दिसतं.

दुसरं उत्तर: -एम इंटेल (एम कॅपिटल) पण द्या, सूचना इंटेलच्या लेखनपद्धतीत दिसतात, वाचायला सोपं जातं. कॅपिटल डी मात्र टाळा. तो डेटासुद्धा सूचना समजून उलगडतो आणि नुसता कचरा दिसतो.

प्रश्नकर्ती: -आर दिलं, नाव आलं. पण प्रिंटएफ नाही, पुट्स, म्हणजे ओळ छापणारं दुसरंच फंक्शन!

उत्तर: बरोबरच आहे. साधा मजकूर आणि शेवटी नवी ओळ असेल तर जीसीसी स्वतःच पुट्स घालतो. जीसीसीला -एफनो-बिल्टिन (असे बदल करू नको) देऊन पाहा, प्रिंटएफ परत येईल.