कोलेस्टेरॉल नॉर्मल, तरी गोळी दुप्पट? मदत हवी आहे

घाईत_आहे:
बाबांची कोलेस्टेरॉलची गोळी ॲटॉर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम होती, आज डॉक्टरांनी थेट ४० लिहून दिली. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९८ आलंय. रिपोर्टवर शेजारीच छापलंय, '१०० च्या खाली'. मग वाढवली कशाला? उद्यापासून सुरू करायची आहे, लवकर सांगा.

गोळीवाली:
वय? शुगर? हार्टचं काही? गोळी सुरू करण्याआधी एलडीएल किती होतं?

निवांत_काका:
रोज पाऊण तास चाला. मी आयुष्यात ही गोळी घेतली नाही.

घाईत_आहे:
काका, प्रश्न डोसचा आहे! वय ६३, शुगर नाही, आधी १४० होतं. दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, पण त्याचा इथे काय संबंध?

जुना_स्टेंट:
अहो, सगळा संबंध त्याचाच! लॅबचा तो रकाना सगळ्यांना सारखाच छापलेला. स्टेंटवाल्यांचं ७० च्या खाली हवं, बरेच डॉक्टर आता ५५ म्हणतात. मला ८० दिली तर मांड्या अशा भरून यायच्या की जिना चढवेना. मग ४० वर आणून जोडीला इझेटिमाइब १० ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी दिली. तुम्हीही तेच मागा.

गोळीवाली:
तुम्हाला मानवलं म्हणून सगळ्यांना तेच? डोस दुप्पट केल्यावर एलडीएल आणखी ६ टक्क्यांच्या आसपासच उतरतं, हे खरं. पण स्टेंटनंतर झेपत असेल तर ४०-८० हा नेहमीचाच डोस. त्यानेही भागलं नाही की इझेटिमाइब.
मला खटकतंय ते वेगळंच. २० च्या गोळीने साधारण ४० टक्के उतरायला हवं. १४० चं ९८ म्हणजे ३० च. बाबा गोळी रोज घेतात ना?

निवांत_काका:
चालत नसणार.

घाईत_आहे:
आईला विचारलं. पोटऱ्या दुखतात म्हणून बाबा गेले तीन महिने दिवसाआड घेतायत! ड्रॉवरमध्ये चार स्ट्रिपा तशाच पडल्यात. डॉक्टरांना बोलले नाहीत, 'विचारलं कुठे त्यांनी?'

गोळीवाली:
४० सुरू करण्याआधी सकाळी डॉक्टरांना फोन करून हे सांगा. ते कदाचित सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड बघतील. थायरॉइड मंद असला की एलडीएलही चढतं आणि स्नायूही दुखतात. मनाने बंद मात्र करू नका. डोस बदलला तर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा लिपिड (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी).

जुना_स्टेंट:
इझेटिमाइबचं विचाराच.

नवा_सभासद:
लिपिडला उपाशी राहावं लागतं का? पाणी चालतं?