मदत हवी आहे: विशेष आत्मपरीक्षणात चांगल्याची नोंद कशी ठेवावी?

चर्चच्या युवा गटासाठी चाळीसा काळाची, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांची, वही करतोय. आधार बायबलमधलं रोमकरांस 12:9, म्हणजे वाइटाचा वीट आणि चांगल्याला चिकटून राहणं. विशेष आत्मपरीक्षणाची पद्धत येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांची: एकच दोष निवडायचा, सकाळी निश्चय, दुपारी आणि रात्री तासातासाचा आढावा, प्रत्येक चुकीला एक टिंब. दिवसाला दोन ओळी, वरची दुपारची, खालची रात्रीची. चूक होताच छातीला हात लावायचा, हे तर लोकलच्या गर्दीतही जमतं.

दोष नेमका हवा. ‘राग’ लिहिलं की आठवड्यात वही बंद पडते. ‘जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्याची चहाडी’ लिहिलं तर मोजता येतं.

अडचण अशी, की टिंबं फक्त चुकांची. चहाडी थांबली, पण त्या सहकाऱ्याचं भलं कुठे केलं? त्याच अध्यायात छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, भुकेल्या वैऱ्याला जेवू घाला असंही आहे. चांगल्यासाठी तिसरी ओळ आखली तर मुलं फुशारकीने ती भरतील, अशी भीती वाटते. आणि हळव्या मनाची मुलं टिंबं मोजतच खचतात.

कोणी दोन्ही बाजूंची नोंद चालवली आहे का? ओळी कशा आखल्या? वही फादरांनी बघावी की खासगीच ठेवावी?