ख्रिसमस कॅरोल एकटीने वाचायचंय, कात्री कुठे लावू?

वाचनवेडी: मी मँचेस्टरला असते, इथल्या लायब्ररीत डिसेंबरमध्ये डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'चं (कंजूष स्क्रूजला ख्रिसमसच्या आदल्या रात्री भुतं भेटतात आणि तो बदलतो, ती गोष्ट) अभिवाचन करायचंय, मी एकटीच, इंग्रजीतूनच. अख्खं वाचलं तर तीन तासांच्या घरात जातं आणि मला मिळणार सव्वा तास. एखादं भूत गाळलं तर चालेल का? आणि स्क्रूज, त्याच्या मेलेल्या भागीदाराचं भूत मार्ली, कारकून बॉब, बॉबचा आजारी पोरगा टायनी टिम, सगळ्यांना वेगवेगळे आवाज काढायचे का?

बर्मिंगहॅमकर: भूत एकही गाळू नका प्लीज, गोष्टच मोडेल!! हा प्रश्न खुद्द डिकन्सलाही पडलेला. २७ डिसेंबर १८५३ ला आमच्या इथल्या टाउन हॉलमध्ये त्याने हे पहिल्यांदा जाहीर वाचलं तेव्हा तीनेक तास लागले होते, ३० तारखेला परत वाचलं ते खास कामगारांसाठी, स्वस्त तिकिटात. पुढे १८५८ पासून पैसे घेऊन दौरे सुरू केले आणि कापत कापत दीड तासाच्या आसपास आणलं. वाचताना वापरायचा ती त्याची प्रत न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे, छापील पानं मोठ्या कागदांवर चिकटवलेली, परिच्छेदच्या परिच्छेद खोडलेले, समासात आवाजाच्या सूचना. छापूनही आलीय, मिळवाच. वर्णनं उडवलीत, संवाद ठेवलेत.

पडद्यामागचा: आवाजांचं म्हणाल तर आधी निवेदक पक्का करा, या गोष्टीत तोच सगळ्यात मोठं पात्र आहे, तो प्रेक्षकांशी थेट गप्पा मारतो. स्क्रूजला घसा आवळलेला आवाज द्या, बाकीच्यांना नुसता वेग आणि मान कुठे वळते एवढा फरक पुरतो. टायनी टिमसाठी बारीक पोरकट आवाज अजिबात नको, रडू यायच्या जागी लोक हसतील. मार्लीच्या आधी थांबा, भरपूर थांबा.

जुनी_पानं: एका बाबतीत मी डिकन्सचं ऐकणार नाही. दुसऱ्या भुताच्या झग्याखालून अज्ञान आणि दारिद्र्य ही दोन मुलं बाहेर येतात तो प्रसंग त्याने वाचनातून काढला होता. पण १८४३ च्या सप्टेंबरमध्ये तो लंडनच्या फील्ड लेनमधली गरीब पोरांची शाळा बघून आला, ऑक्टोबरमध्ये मँचेस्टरच्या अथेनियम या संस्थेत भाषणाला गेला, आणि गोष्ट सुचली ती त्याच मुक्कामात, म्हणजे तुमच्याच गावात! १९ डिसेंबरला पुस्तक बाजारात. मँचेस्टरमध्ये वाचताना ती मुलं गाळायची म्हणजे काय? दोन मिनिटांचं काम आहे, वेळ कमी पडला तर फेझिविगच्या, म्हणजे स्क्रूजच्या तरुणपणच्या मालकाच्या, पार्टीतल्या नाचातून काढा.

बर्मिंगहॅमकर: मुलं ठेवा, पटलं. पण फेझिविगला हात नको, खोलीभर हशा तिथेच येतो, दुसरं भूत स्क्रूजला खाणकामगार आणि दीपगृह दाखवायला नेतं तो फेरफटका उडवा त्यापेक्षा.