जुना किट अँप: आउटपुट ट्रान्झिस्टर नवे टाकले आणि डावा चॅनल गाणं न लावताच तापतोय

अर्धवट_सर्किट
नमस्कार मंडळी, एक जुना स्टिरिओ अँप हातात आलाय, कुणीतरी सत्तरच्या दशकात किट आणून घरी जोडलेला, सोबत हाताने खुणा केलेलं सर्किट पण आहे त्यामुळे निम्मं काम सोपं झालं असं वाटलेलं. २०-२५ वॅटचा असावा, सिंगल सप्लाय, ४९ व्होल्ट मिळतात, स्पीकरला २२०० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून आउटपुट जातं. दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर एनपीएनच आहेत (उलट्या ध्रुवाचा पीएनपी एकही नाही), २एन३०५५, टीओ-३ म्हणजे धातूच्या टोपीवाले. डाव्या चॅनलचे दोन्ही शॉर्ट होते म्हणून नवीन २एन३०५५ आणून टाकले, त्यांचे सॉकेट पण बदलले. आता आवाज येतो पण जरा खरखरीत आणि हीटसिंक पाच मिनिटांत हात लावू देत नाही, गाणं बंद असताना सुद्धा! आउटपुटजवळ १० ओहमचा एक अर्ध्या वॅटचा रेझिस्टर आहे तो काळा पडलाय. उजव्या चॅनलला हात लावलेला नाही, तो थंड आहे, पण मोठ्या आवाजात लवकर फाटतो. आता विचार करतोय की सगळे कॅपॅसिटर, सगळे ट्रान्झिस्टर एकदाच बदलून टाकावेत, कटकट नको. बरोबर करतोय का?

डिसोल्डर_पंप
थांबा थांबा, आधी स्पीकर काढा त्याला. आणि सिरीज बल्ब लावल्याशिवाय परत चालू करू नका. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी नाही, मेनच्या फेज वायरमध्ये सिरीजला. चांगला अँप असेल तर बल्ब एकदा भपकन पेटतो (मोठे कॅपॅसिटर चार्ज होतात म्हणून) आणि मग मंद होत होत जवळजवळ विझतो. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी करंट जास्त चाललाय. यात फायदा एवढाच की चूक झाली तर बल्ब पेटतो, ट्रान्झिस्टर जळत नाही.

मग हे मोजून सांगा: दोन्ही चॅनलचा मधला पॉइंट, म्हणजे आउटपुट कॅपॅसिटरच्या अलीकडे, ग्राउंडच्या तुलनेत किती व्होल्ट. सप्लायच्या निम्मे हवेत, म्हणजे तुमच्याकडे २४-२५. दुसरं, एमिटर रेझिस्टरवर (आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर पायाशी असलेला छोट्या किमतीचा रेझिस्टर, त्यावरून करंट कळतो) किती मिलिव्होल्ट पडतात. तिसरं म्हणजे बायसचा (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट सांभाळणारा) डायोड हीटसिंकला चिकटलेला आहे का बघा, ट्रान्झिस्टर बदलताना तो सुटून हवेत लोंबकळत राहतो आणि कुणाच्या लक्षातच येत नाही, माझ्याकडून दोनदा झालंय. मायकाखाली (ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधला वीज अडवणारा पातळ पापुद्रा) लोखंडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कीस अडकला नाही ना ते पण बघा, ट्रान्झिस्टरची बॉडी आणि हीटसिंक यांच्यात मीटरने बीप यायला नको.

आणि हात घालायच्या आधी मोठा कॅपॅसिटर डिस्चार्ज करा, १०० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणारे हिरो इथे खूप आहेत, तुम्ही त्यात जाऊ नका.

बासप्रेमी_७७
माझं मत, एवढा जुना माल आहे तर सगळे इलेक्ट्रोलायटिक उडवा आणि नवे टाका, आउटपुटचा २२०० काढून १०००० टाका, बेस दणदणीत येतो. सप्लायचा पण डबल करा.

डिसोल्डर_पंप
@बासप्रेमी_७७ भाऊ, २२०० मायक्रोफॅरड आणि ८ ओहमचा स्पीकर म्हणजे कटऑफ ९ हर्ट्झच्या आसपास येतो. त्याच्या खाली तुमचा स्पीकर काय वाजवणार आहे? कॅपॅसिटर सुकून निम्मा राहिला असला तरी १८ हर्ट्झ. सुकलाय का ते मोजा, सुकला असेल तर तेवढाच नवा टाका. आणि सप्लायचा डबल केला की चालू करताना त्या बिचाऱ्या जुन्या डायोडवर झटका बसतो, शिवाय आउटपुटचा मोठा केला तर स्पीकरमध्ये येणारा तो ढप्प आवाज अजून मोठा होणार.

मूळ धाग्यावाल्यांना सांगतो, सगळं एकदम बदललं की काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि वीस ठिकाणी डिसोल्डर केलं की जुन्या पीसीबीचे चार ट्रॅक उखडतातच. त्या ट्रॅकचा डिंक इतक्या वर्षांत मेलेला असतो.

अर्धवट_सर्किट
सिरीज बल्ब केला. दोन्ही चॅनल जोडले की बल्ब नारिंगी राहतो, विझत नाही. डाव्याची सप्लायची वायर काढली की लगेच मंद. म्हणजे डावाच. डावा बल्बवरच अगदी थोडा वेळ चालू करून घेतलेली रीडिंग:
डावा मधला पॉइंट जवळजवळ सप्लायच्या निम्माच आहे, बरोबर. एमिटर रेझिस्टर ०.४७ ओहमचे आहेत, त्यावर ९५ मिलिव्होल्ट!
उजवा ११ मिलिव्होल्ट, पण मधला पॉइंट २० व्होल्ट (हे उजवा एकटा चालवून, सप्लाय पूर्ण असताना).
डायोड हीटसिंकला नीट क्लिपमध्ये आहे, मायका ठीक, बीप नाही. आणि गंमत म्हणजे डाव्याचा बायसचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) पूर्ण कमी केला तरी ९५ चे ९० होतात, त्याच्या खाली येतच नाही. प्रीसेट खराब असेल म्हणून तो पण बदलला, तेच.

जुना_टीओथ्री
हा धागा उशिरा वाचला. प्रीसेटचं वाक्य आणि तो काळा पडलेला १० ओहम, ही दोन्ही एकत्र वाचली की उत्तर जवळजवळ समोरच आहे: तुमचा डावा चॅनल ऑसिलेट होतोय, म्हणजे सिग्नल नसताना स्वतःच लाटा तयार करतोय, तुम्हाला ऐकू येत नाही एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला.

हिशोब बघा. तो १० ओहम ०.१ मायक्रोफॅरडबरोबर सिरीजमध्ये स्पीकरला समांतर असतो. १ किलोहर्ट्झला ०.१ मायक्रोफॅरडचा अडथळा साधारण १६०० ओहम, म्हणजे गाण्यातला करंट त्या रेझिस्टरमधून जवळजवळ जातच नाही. तोच कॅपॅसिटर ५०० किलोहर्ट्झला जेमतेम ३ ओहमचा होतो. मग अर्धा अँपिअर जरी गेला तरी १० ओहमवर अडीच वॅट, आणि तुमचा रेझिस्टर अर्ध्या वॅटचा. म्हणून काळा. हा रेझिस्टर जळालेला दिसला की तो बदलून गप्प बसायचं नाही, त्याने चुगली केलेली असते.

हीटसिंकचंही तेच. ९५ मिलिव्होल्ट भागिले ०.४७ म्हणजे २०० मिलिअँपिअर, पूर्ण ४९ व्होल्ट धरले तर जवळजवळ १० वॅट नुसती उष्णता. उजव्या चॅनलला ११ मिलिव्होल्ट म्हणजे २३ मिलिअँपिअर, सव्वा वॅटसुद्धा नाही, थंडच राहणार. वरच्या फ्रिक्वेन्सीला एक ट्रान्झिस्टर बंद व्हायच्या आत दुसरा चालू होतो, दोघांतून सरळ करंट वाहतो, आणि बायसचा प्रीसेट त्याला काही करू शकत नाही. (नुसता तापतो म्हणून अँप वाईट नसतो हं, लिन्स्ली हूडचा १९६९ चा वायरलेस वर्ल्डमधला १० वॅटचा क्लास ए अँप २७ व्होल्टला १.२ अँपिअर नुसताच पिऊन बसतो, चॅनलमागे ३२ वॅट. पण तो तसाच बनवलाय. तुमचा क्लास एबी आहे, म्हणजे गाणं नसताना अगदी थोडाच करंट वाहायला हवा.)

आता हे झालं का? कारण तुमचे नवे ट्रान्झिस्टर चांगले आहेत म्हणून. पटायला अवघड आहे पण खरंय. नंबर तोच २एन३०५५, पण जुने जे होते ते होमटॅक्सियल या जुन्या पद्धतीने बनवलेले, त्यांची ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सी (ट्रान्झिस्टर किती चपळ आहे त्याचं माप) ०.८ मेगाहर्ट्झच्या घरात. हल्लीचे एपिटॅक्सियल या नव्या पद्धतीचे, डेटाशीटमध्ये कमीत कमी अडीच मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. तीनपट चपळ. सर्किट बनवणाऱ्याने संथ ट्रान्झिस्टर गृहीत धरून सगळी बांधणी केली होती, संथपणा हाच त्याचा अर्धा कॉम्पेन्सेशन (ऑसिलेशन टाळायची तजवीज) होता म्हणा.

आणि तुमचं सर्किट क्वासी-कॉम्प्लिमेंटरी आहे, दोन्ही एनपीएन. त्या काळात सिलिकॉनचे चांगले पीएनपी पॉवर ट्रान्झिस्टर महाग आणि दुर्मिळ, म्हणून १९५६ मध्ये एच. सी. लिन यांनी दाखवलेली ही युक्ती सगळ्यांनी उचलली: खालच्या बाजूला छोटा पीएनपी ड्रायव्हर आणि मोठा एनपीएन मिळून एक मोठा पीएनपी असल्याचं सोंग. डायनाको स्टिरिओ १२० सारखे गाजलेले किट पण याच घराण्यातले, ७२ व्होल्टच्या सिंगल सप्लायवर चॅनलमागे ६० वॅट. या खालच्या जोडीत स्वतःचा एक लोकल फीडबॅक असतो, आणि चपळ ट्रान्झिस्टर बसवला की पहिल्यांदा तीच जोडी बिथरते.

ऑसिलोस्कोप आहे का? असेल तर प्रोब १० एक्स वर ठेवून आउटपुट बघा. नसेल तर मीडियम वेव्ह रेडिओ अँपच्या शेजारी ठेवा, स्टेशनच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि अँप चालू-बंद करा. शिट्टी किंवा घुरघुर येऊन जात असेल तर खात्री झाली. मल्टिमीटरवर हे दिसणार नाही, मधला पॉइंट अगदी सज्जनासारखा निम्मा दाखवत राहतो.

मिलिव्होल्ट_मावशी
वरच्या सगळ्याला +१. एक प्रश्न, नवे सॉकेट टाकले म्हणालात ना, त्यांच्या वायरी केवढ्या लांब ठेवल्या? किट जोडणाऱ्यांनी मूळ वायरी अगदी पुस्तकात सांगितलेल्या लांबीच्या कापलेल्या असतात आणि आपण नंतर "राहू दे थोडी जास्त, पुढे उपयोगी पडेल" म्हणून वीतभर सोडतो. बेसची लांब वायर कलेक्टरच्या वायरीला चिकटून गेली की ऑसिलेशनला आयतं आमंत्रण.

उजव्या चॅनलचे २० व्होल्ट वेगळं प्रकरण आहे. मधला पॉइंट खाली सरकला म्हणून खालची अर्धी लाट आधी कापली जाते, म्हणून लवकर फाटतो. इनपुटच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला दोन मोठे रेझिस्टर असतील, एक सप्लायकडे एक ग्राउंडकडे, ते मोजा. जुने तपकिरी कार्बन कॉम्पोझिशनचे असतील तर वय झालं की त्यांची किंमत वाढते. डिसोल्डर करायची सुद्धा गरज नाही लगेच: सप्लाय बंद, कॅपॅसिटर रिकामे करून सर्किटमध्येच मोजा, मीटरचं रीडिंग स्थिर होऊ द्या. सर्किटमध्ये समांतर रस्ते असल्यामुळे रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतं, जास्त नाही. त्यामुळे लिहिलंय त्यापेक्षा बरंच जास्त दाखवलं तर तो नक्की गेलाय. कमी दाखवलं तरच एक पाय मोकळा करून बघायचा.

अर्धवट_सर्किट
मावशी तुम्ही काय बघत होतात का माझ्या टेबलावर 😀 वायरी खरंच वीतभर होत्या, एकाला एक चिकटून, वर मी त्यांना छान केबल टाय पण लावला होता.

रेडिओ: स्कोप नाही, पण मीडियम वेव्हवर सूं करून शिट्टी, डावा चॅनल बंद केला की गायब. उजव्याला काहीच नाही. अंगावर काटा आला खरं सांगतो, इतके दिवस मी प्रीसेट फिरवत बसलो होतो.

उजवा: वरचा रेझिस्टर १०० किलोओहमचा, सर्किटमध्येच १४० किलो दाखवतोय. खालचा १०० च आहे. म्हणजे ४९ चा १००/२४० वा भाग साधारण २०, जुळतंय! मेटल फिल्म टाकला, मधला पॉइंट २४.३. फाटणं बंद. अर्धी लढाई जिंकली.

डाव्यासाठी काय करू? जुने होमटॅक्सियल शोधू का?

जुना_टीओथ्री
शोधू नका. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या २एन३०५५ मध्ये बनावट खूप फिरतात, वर नाव एकाचं आणि आत नखाएवढा डाय (सिलिकॉनचा तुकडा). फसलेल्या माणसाने एखादा जळालेला कानसून उघडून बघावा म्हणजे कळतं. नवे आहेत ते ठेवा आणि सर्किटला त्यांची सवय लावा.

क्रमाने करा आणि प्रत्येक पायरीनंतर रेडिओ लावून बघा. आधी वायरी शक्य तेवढ्या आखूड, बेसची वेगळ्या रस्त्याने. मग जळालेला १० ओहम बदला, १-२ वॅटचा साधा कार्बन फिल्म किंवा मेटल ऑक्साइड, वायरवाउंड नको कारण तो स्वतःच कॉइल असतो. त्याच्याबरोबरचा ०.१ पण बदला, त्याने पण मार खाल्लाय. सप्लायच्या पिनवर पीसीबीजवळ एक ०.१ चा फिल्म कॅपॅसिटर ग्राउंडला. एवढ्याने थांबलं नाही तर खालच्या पीएनपी ड्रायव्हरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये १०० पिकोफॅरड सिरॅमिक, पाय आखूड ठेवून. सगळं एकदम करू नका.

हे सगळं सिरीज बल्ब ठेवूनच, आणि स्पीकरच्या जागी ८ ओहमचा मोठा रेझिस्टर.

बासप्रेमी_७७
मग नवे एमजे १५००३ टाकले तर? ते तर २५० वॅटचे आहेत.

जुना_टीओथ्री
@बासप्रेमी_७७ टाका की, दणकट आहेत, पण ते सुद्धा २ मेगाहर्ट्झचे आहेत, त्यामुळे ऑसिलेशनचा प्रश्न तिथेच राहतो. आणि ट्रान्झिस्टर २५० वॅटचा म्हणून अँप २५० वॅटचा होत नाही, ट्रान्सफॉर्मर तोच आहे.

अर्धवट_सर्किट
अपडेट. वायरी आखूड केल्या: शिट्टी निम्मी झाली पण गेली नाही. १० ओहम, ०.१ आणि सप्लायवरचा ०.१: फारसा फरक नाही. १०० पिकोफॅरड टाकला आणि रेडिओ एकदम शांत. मी तर आधी समजलो रेडिओच बंद पडला, स्टेशन लावून खात्री केली 😀

९५ चे थेट ६ मिलिव्होल्टवर आले, मग बल्ब काढून प्रीसेट फिरवून ११ वर ठेवले, आता प्रीसेट ऐकतो. अर्धा तास चालू ठेवून परत बघितलं, १२. हीटसिंक नुसता कोमट. आज तीन तास गाणी वाजवली, दोन्ही चॅनल सारखे. चालू करताना ढप्प होतो तेवढा, तो असू दे.

सोल्डरिंग करताना डाव्या बोर्डवर दोन ड्राय सोल्डर (नीट न चिकटलेले सांधे) पण सापडले, ज्याने कुणी जोडला त्याच्या हातचे असणार, बाकी काम त्याने झकास केलंय, वायरींना दोऱ्याने बांधणी केलीय चक्क.

आता उजव्याचे जुने ट्रान्झिस्टर पण बदलून दोन्ही सारखे करावेत का?

मिलिव्होल्ट_मावशी
हात लावू नका त्यांना. 🙏 आणि तो १०० पिकोफॅरड कुठे टाकला ते पेन्सिलने त्या जुन्या सर्किटवर लिहून ठेवा, तारखेसकट, आधीच्याने खुणा केल्यात तशाच.

डिसोल्डर_पंप
आणि त्या दोऱ्याच्या बांधणीचा फोटो टाका की राव.