जात्यावरची ओवी मोबाईलवर

पुष्कळ जण म्हणतात की वारसा मोबाईलवर आला की त्याची नुसती रील होते, मूल्यं वगैरे काही पोचत नाहीत. रीलपुरतं मान्य. पण जात्यावरच्या ओव्यांचं काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जमवलेल्या लाखावर ओव्यांपैकी कितीतरी आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, ग्रामीण भारताचा ऑनलाइन संग्रह) साइटवर ऐकायला मिळतात, तेही गाणाऱ्या बाईचं नाव-गाव लावून. (लोकगीत म्हटलं की आपण गाणारीला निनावी करून टाकतो, म्हणून मला याचं फार अप्रूप.)

मावशीला त्यातल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या ऐकवल्या. गाणारी मुळशीकडची, मावशी मराठवाड्यातली, चालसुद्धा वेगळी. दोन ओव्या होईतो मावशीचा उजवा हात खुंटा धरल्यासारखा मांडीवर फिरायला लागला. मग म्हणाली, "बंद कर ते. आमच्याकडं अशी नाही म्हणत." आणि स्वतःची म्हणून दाखवली. शब्द निराळे, पण सीतेनं दुःख सांगावं कुणाला, हा सल तोच. फोन हातातच होता, तरी रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं सुचलं ते तिसऱ्या ओवीला.